होटगीची पाहणी

सात रस्त्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली होती आणि माझ्या पर्समध्ये अब्बांचा फोन वाजला. तो फोन अजून मीच बाळगते. गॅसचे, बँकेचे निरोप त्याच्यावर येतात, असं मी अम्मीला सांगितलेलं आहे, आणि ते खोटंही नाही. स्क्रीनवर अप्पांचं नाव होतं. मी फोन कानाला लावला आणि काही बोलायच्या आत पलीकडून तो ओळखीचा, सुपारीनं जड झालेला आवाज आला. "हां पीरसाब, उद्या सकाळी होटगीची पाहणी हाय बरं का. मी गाडी घेऊन खाली येतो, हॉर्न मारतो. लगेच उतरायचं. वर या, चहा घ्या, असलं कायबी चालणार न्हाय." मग आवाज थांबला. मागे त्यांच्या दुकानात कुणीतरी लोखंड घासत होतं, तेवढंच ऐकू येत राहिलं. सिग्नल सुटला, मागच्या बसनं हॉर्न दिला, रिक्षा हलली. माझ्या घशाशी दोन शब्द येऊन थांबले होते. अब्बांच्या त्या किंचित नाकातल्या सुरात 'येतो की' म्हणावं, असं मला वाटलं होतं. तसं म्हटलं असतं तर अप्पांनी ते खरं मानून फोन ठेवला असता, आणि निदान उद्या सकाळपर्यंत दोघांच्याही बाजूनं काही बिघडलेलं नसतं. "अय्यो," अप्पा म्हणाले. "गुलनाज, बाळ, तू हायस व्हय?" मी म्हणाले, "हो काका, मीच आहे." "बोट आपोआप त्या नावावर गेलं बघ." रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता. तो बघतोय म्हणून मी चेहरा सरळ केला, पाठ सरळ केली, आणि करता करताच मला कळलं की हे सरळ होणं माझं नाही, अब्बांचं आहे.

अप्पा म्हणजे वीरभद्रप्पा. त्यांचं स्पेअर पार्टचं दुकान आणि अब्बांचं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत. टेम्पोवाले, ट्रकवाले, गॅरेजवाले, पंक्चर काढणारे अशा लोकांचं एक मदत मंडळ त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंनी उभं राहिलं. दर महिन्याला प्रत्येकानं आपला वाटा टाकायचा, आणि कुणाच्या घरात दवाखाना निघाला की बिल सगळ्यांनी मिळून उचलायचं. मात्र उपचाराची खरंच गरज आहे का, हे आधी ठरायला हवं. सुरुवातीला ते डॉक्टरच्या कागदावरून ठरायचं. मग लक्षात आलं की कागद प्रत्येकाकडे असतो आणि प्रत्येक कागदावर 'तातडीचे' असंच लिहिलेलं असतं. तेव्हा पाहणीची कल्पना अब्बांनीच काढली. मंडळातल्या दोघांनी पेशंटच्या घरी जायचं, चहा घ्यायचा, गप्पा मारायच्या, आणि त्या निमित्तानं माणूस बघायचा. तो कसा बसतो, कशाला धरून उठतो, बोलताना श्वास कुठं तुटतो. मग ते दोघं म्हणतील ते मंडळानं मानायचं. गरज आहे, गरज नाही, किंवा थांबू. वर्षानुवर्षं अब्बा आणि अप्पा जोडीनं अशा घरांतून हिंडले. अब्बा परत आले की अम्मी विचारायची, "कैसा था?" आणि अब्बा टोपी खुंटीला अडकवत एका शब्दात सांगायचे, "सच्चा" किंवा "नाटक". मला लहानपणी वाटायचं, ते कुठंतरी तमाशा बघायला जातात.

"उद्याचं बाईमाणसाचं हाय," अप्पा फोनवर म्हणाले होते. "आमी दोघं गडीमाणसं काय बघणार? मी म्हणलं पीरसाबला तरी... जाऊदे. तू येतीस का? त्याची जागा आमी कुणाला दिली न्हाय अजून." मी येते म्हणाले. इतक्या लवकर म्हणाले की नंतर घरापर्यंत मी त्या होकाराकडे दुसऱ्या कुणाचा असल्यासारखी पाहत होते. कॉलेजात मी मराठी शिकवते. अकरावी-बारावीच्या मुलांना माणसाच्या वागण्यामागचं कारण शोधायला लावते. पण त्या होकारामागचं कारण शोधायची मला इच्छा नव्हती. मला एकदा त्या बाजूला बसायचं होतं, एवढंच. ज्या बाजूला बसून लोक बघतात.

अब्बा गेल्यापासून अम्मी इद्दतीत आहे, बाहेरच्या खोलीत येत नाही. आतूनच तिनं विचारलं, "किसका फोन था गे?" मी सांगितलं. तिच्या हातातली तस्बीहची माळ थांबली. "उनो अब कायकू फोन करते?" "होटगी को पाहणी है बोले. औरत का मामला है. मेरे को बुलाए." ती म्हणाली, "देखनेवालों ने तेरे बाप को बराबर देखा. चाय पी को देखा. पूछा किसने?" "पूछा था अम्मी. उनो बोले, मैं एकदम अच्छा हूँ." "झूठ बोले," अम्मी म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या आवाजात अब्बांविषयी राग आला. "बैठ को झूठ बोले. आदमी के सामने झूठ बोले." तस्बीह पुन्हा फिरायला लागली. मी दाराशी उभी राहून त्या मण्यांचा आवाज ऐकत होते आणि माझ्या मनात एक साधा, सरळ, भयंकर विचार तयार होत होता: जो म्हणतो मला काही झालेलं नाही, त्यालाच झालेलं असतं.

सकाळी अप्पांनी हॉर्न मारला. त्यांच्या जुन्या व्हॅनमध्ये मी पुढं बसले. दाढी वाढलेली, कपाळावरचं भस्म घामानं ओघळलेलं, आणि माझ्याकडे न बघण्याची त्यांची धडपड इतकी उघड की मलाच त्यांची दया आली. विमानतळाची लांबच लांब भिंत संपली, रस्त्याच्या कडेची झाडं धुळीनं पांढरट दिसायला लागली. "हणमंताची बायको हाय," ते म्हणाले. "हणमंत टेम्पो चालवतोय, आपल्यात जुना मेंबर. बायकूला लई रक्त जातंय म्हणं. डॉक्टर म्हणतोय पिशवी काढा. आता मला सांग, गेल्या सालभरात आपल्याकडं जी बाई दवाखान्यात गेली तिची पिशवीच काढायची निघाली. पोट दुखतंय, काढा. कंबर दुखती, काढा. खरं कुठलं, खोटं कुठलं? म्हणून तुला आणली." मग त्यांनी गिअर बदलला. "या टायमाला चुकायचं न्हाय बघ, पोरी." मी खिडकीबाहेर बघत होते. "त्या दिवशी पीरसाब..." त्यांनी सुरुवात केली. "काका, समोर बघा," मी म्हणाले. समोर खरंच एक बैलगाडी होती.

त्या दिवशी अब्बांनी सकाळीच गरम पाणी मागून घेतलं होतं. स्वतःच्या हातानं दाढी केली, गालाला फिटकरी लावली, ठेवणीतला पांढरा शर्ट काढला. पाहुणे येणार म्हणून. येणारे त्यांच्याच मंडळाचे, त्यांच्याच छातीची पाहणी करायला येणारे. डॉक्टरनं हृदयाच्या नळ्या तीन ठिकाणी बंद आहेत म्हणून लिहून दिलेलं होतं, आणि आमच्या घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण अब्बांच्या लेखी दारात येणारा माणूस आधी पाहुणा होता. ते खुर्चीच्या पाठीला न टेकता ताठ बसले. खारीची बशी त्यांनी स्वतः पुढं केली. अप्पांना कुणा एका ट्रकवाल्याचा किस्सा सांगितला, ज्यानं सीट शिवायला टाकून बायकोला माहेरी नेलं आणि दोन्ही परत न्यायला विसरला. सगळे हसले. अब्बा हसताना डावा हात मांडीखाली दाबून बसले होते. ते मला दिसत होतं, समोर बसलेल्यांना नाही. निघताना पाहुण्यांना जिन्यापर्यंत सोडायची आमच्याकडे पद्धत आहे. अब्बा जिन्यापर्यंत थांबले नाहीत. बोलत बोलत खाली गेले, फाटकापर्यंत गेले, गाडीच्या दाराला हात लावून अजून एक किस्सा सांगितला. पाहणीवाल्यांनी अब्बांना जिना उतरताना बघितलं. चढताना बघायला गाडी थांबली नव्हती. मी गॅलरीतून वाट बघत राहिले आणि ते येईनात म्हणून खाली गेले, तर अब्बा मधल्या वळणावर पायरीवर बसलेले होते, शर्टाची वरची गुंडी सोडून. भिंतीचा चुना त्यांच्या खांद्याला लागला होता. "आ रहा था," ते म्हणाले. "जरा थम गया, क्या हुआ उसमें?"

दुसऱ्या दिवशी मी अप्पांना फोन केला होता. मी सगळं सांगितलं. मांडीखालचा हात, पायरी. ते प्रेमानंच म्हणाले, "अगं, तू मुलगी हायस, काळजीनं बोलतीस. आमच्या फुडं जिना उतरला की तो. मंडळानं थांबू असं ठरवलंय, नको न्हाय म्हणलं. अजून एका डॉक्टरला दाखवू, मग बघू." थांबू. किती सभ्य शब्द. त्यात कुणाचाच नकार नसतो. आम्ही दुसऱ्या डॉक्टरची वेळ मिळण्याची वाट बघत होतो आणि अब्बा दुकानात जात होते, आणि त्या थांबण्याच्या मध्येच कुठंतरी, उन्हाच्या वेळी, एका टेम्पोच्या अर्ध्या शिवलेल्या सीटवर ते पुढं वाकले. बघणाऱ्यांना वाटलं, सुई शोधतायत.

हणमंतचं घर गावाच्या टोकाला, रुळांपासून फार लांब नव्हतं. अंगण नुकतंच शिंपडलेलं. दारात रांगोळी होती. पाहुणे येणार म्हणून काढलेली रांगोळी. हणमंत पुढं आला, सडपातळ, डोळ्यांत झोप नसलेला, हातात प्लास्टिकच्या पिशवीतली फाईल आधीच तयार. ओसरीवर त्याची आई विठाबाई पाय पसरून बसली होती. तिनं अप्पांना आपादमस्तक न्याहाळलं. "या अप्पा. आवो, पोट तर तुमचंच वाढलंय. पिशवी तुमचीच काढाया पायजे बगा." अप्पा हसले, हणमंत ओशाळला, आणि आतून एक मोकळं, खणखणीत हसू आलं. त्या हसण्यापाठोपाठ हणमंतची बायको, मनाली, बाहेर आली.

तिशीची असेल. कडक इस्त्रीची हिरवी साडी, चेहऱ्यावर पावडर, अंबाड्यात ताजा गजरा. तिनं वाकून अप्पांच्या पाया पडायला हात पुढं केला आणि सरळ होताना दाराच्या चौकटीच्या कडेला तिची बोटं क्षणभर टेकली. टेकली की नुसती लागली? मी आयुष्यभर माणसं बघितली ती बहुतेक पुस्तकांतून. पुस्तकात एखादी बाई फार मोठ्यानं हसली की वाचणाऱ्याला कळतं, हिचं काहीतरी दुखतंय. ती म्हणाली मला काही होत नाही, की पुढच्या चार पानांत तिला झालेलं असतंच. नाहीतर लिहिणाऱ्यानं ते वाक्य तिच्या तोंडी घातलंच नसतं. मी त्या सवयीनं बघत होते. पोहे आले, त्यावर शेंगदाणे वेचून मोजक्या जागी ठेवल्यासारखे दिसत होते. चहा आला. चहा देताना कप बशीवर वाजला नाही, आणि मला वाटलं, हात थरथरू नये म्हणून ती केवढा जोर लावत असेल. मग ती अंगणात गेली आणि भरलेली घागर कमरेवर घेऊन आमच्या समोरून, अगदी समोरून, आत गेली. "बगा की," विठाबाई म्हणाली, "अशी वागती. डॉक्टर म्हणतोय पडून ऱ्हावा, आन् ही घागरी उचलती. माजी थोरली भण ह्याच रोगानं गेली, पिशवीत कॅन्सर झाला तवा कळलं. त्या टायमाला कुणी काढली न्हाय. आता हणम्याच्या डोळ्याला डोळा लागत न्हाय." हणमंत जमिनीकडे बघत होता. "डॉक्टर म्हणले, आज साधी गाठ हाय, उद्या काय हुईल सांगता येत न्हाय," तो हळूच म्हणाला. "आमाला ही एवढीच हाय, अप्पा. पोरगी ल्हान हाय." तो इतकं खरं बोलत होता की फाईल उघडायची मला लाज वाटली. तरी मी उघडली. गाठ होती. रक्त कमी होतं. खाली 'तातडीचे' असं लिहिलेलं होतं.

अप्पांनी मला डोळ्यांनी खूण केली आणि मी आत गेले. स्वयंपाकघर लहान, थंड, भांडी उलटी घालून ठेवलेली. मनाली ओट्याला पाठ लावून उभी होती. गडबडीनं सरळ झाली. मी नेमकं तेच बघितलं: सरळ होणं. "बसा ताई," ती म्हणाली. तिनं पाट सरकवला, पण स्वतः उभीच राहिली. मी विचारलं, "फार त्रास होतो का?" "त्रास कसला? जातंय जरा जास्त. बायकांचं असतंय की तसं. गोळ्या घेतल्या की कमी हुतंय." "चक्कर?" "कवा कवा. उपास केला की." "आणि दुखतं?" ती हसली. "ताई, दुखत न्हाय अशी बाई दावा मला." मग बाहेरचा अंदाज घेत तिनं आवाज खाली आणला, आणि हसू गेलं. "माझं ऐका. मला न्हाय काढायची. माझ्या भणीची काढली, मैंदर्गीला. माझ्यापेक्षा दोन वर्सांनी ल्हान हाय ती. तिला बी हेच म्हणले हुते, फुडं काय हुईल सांगता येत न्हाय. आता तिला भरलेलं पातेलं उचलत न्हाय. हाडं दुखत्यात, रात रात घाम येतोय, अंगात ऊन शिरल्यागत. बिनकामाची झाले म्हणती. मला कायबी झालं न्हाय, ताई. ह्यांना भ्या घातलंय डॉक्टरनं. आत्याबाईंना त्यांची भण दिसती. मी कुणाला सांगू? मंडळ न्हाय म्हणलं की हे गप बसतील. दुसरा पैसा न्हाय आमच्याकडं. तुमी बाई हाव. म्हणून तुमी येणार कळल्यावर मला बरं वाटलं. तुमी बगितलं न्हवं, घागर उचलली की मी."

ती बोलत होती आणि मी तिच्या नखांकडे बघत होते. नखं पांढरट होती. पावडर गळ्यापर्यंत होती, त्याखाली कातडी कशी होती ते दिसत नव्हतं. तिच्या कपाळावर घाम होता. स्टो नुकताच बंद झालेला होता. प्रत्येक गोष्टीला दुसरी एक गोष्ट होती. घागर उचलली, म्हणजे ताकद आहे. घागर आमच्या समोरून नेली, म्हणजे ताकद दाखवायची आहे. ज्याच्याकडे आहे तो कशाला दाखवेल? अब्बा फाटकापर्यंत गेले होते. मला कायबी झालं न्हाय, असं तिनं म्हटलं तेव्हा मला तिचा आवाज ऐकू आला नाही. मला पायरीवर बसलेल्या माणसाच्या खांद्याचा चुना दिसला. मला तिच्यावर विश्वास ठेवायचा होता. ती शहाणी होती, स्पष्ट होती, आपल्या शरीराविषयी बोलत होती आणि ते शरीर माझं नव्हतं. पण विश्वास ठेवण्याची जागा माझ्यात कुणीतरी उखडून नेली होती, आणि तिथं आता नुसतं बघणं होतं, न मिटणारं. "तुम्ही काळजी करू नका," मी म्हणाले. हे वाक्य मी का म्हणाले मला माहीत नाही. तिनं त्याचा अर्थ आपल्या बाजूनं लावला. तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल पडला आणि ती क्षणभर खूप दमलेली दिसली. बघ, मी स्वतःला म्हणाले. बघ, दिसली.

निघताना ती अंगणाच्या टोकापर्यंत आली. "पुन्यांदा या ताई. जेवायलाच या." तिच्या गजऱ्यातलं एक फूल खांद्यावर पडलं होतं. तिनं ते झटकलं नाही, आणि व्हॅन वळेपर्यंत ती हात हलवत उभी होती, ताठ. वळणानंतर मी मागे वळून बघितलं. घरं आड आली होती. ती आत कशी गेली असेल, भिंत धरून की गुणगुणत, हे मला कधीच कळणार नव्हतं. अप्पांना गाडी मागे घ्यायला सांगावं, चोरासारखं जाऊन खिडकीतून बघावं, असं मला वाटलं. पोह्यातल्या कोथिंबिरीची चव अजून तोंडात होती आणि त्या चवीचा मला तिटकारा आला.

पाहणीचा निकाल घरात बसून सांगायचा नाही, अशी पद्धत आहे. रेल्वेचं फाटक बंद होतं. अप्पांनी इंजिन बंद केलं. मालगाडी यायला लागली होती, अजून दिसत नव्हती, पण व्हॅनच्या पत्र्यात एक बारीक थरथर शिरली होती. "मला तर धडधाकट वाटली," अप्पा म्हणाले. "पण माझ्या वाटण्याला आता काय अर्थ हाय? मला पीरसाब बी धडधाकट वाटला." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. म्हातारा, घाबरलेला चेहरा. "तू आत जाऊन बोललीस. ती काय म्हणली?" "मला काही झालेलं नाही म्हणाली." "मग?" मालगाडी आली. डबे जात राहिले, एकसारखे, करडे, आणि त्या आवाजात काही बोलता येत नव्हतं याचं मला बरं वाटलं. एक मार्ग होता. सिव्हिलला दाखवा, अजून एका बाईडॉक्टरचं मत घ्या, तोवर गोळ्या चालू ठेवा. कुठल्याही शहाण्या माणसानं तेच सांगितलं असतं. पण त्या सगळ्याला मंडळाच्या भाषेत एकच शब्द होता, आणि तो शब्द जिभेवर घेतला की समोर उन्हातलं दुकान उभं राहत होतं, पुढं वाकलेली पाठ दिसत होती. थांबू म्हणायची माझी ताकद नव्हती. नाही म्हणायची तर त्याहून नव्हती. शेवटचा डबा गेला. कानात दडे बसल्यासारखी शांतता झाली. "अब्बाही तेच म्हणाले होते, काका," मी म्हणाले. "गरज आहे. लिहा."

अप्पांनी डोळे मिटले. त्यांच्या छातीतून एक लांब श्वास बाहेर पडला, कर्ज फेडून टाकल्यासारखा. मला कळलं की ते याच शब्दासाठी मला घेऊन आले होते. मी नाही म्हणाले असते तर त्यांना ते पेललं नसतं. त्यांनी तिथूनच हणमंतला फोन लावला. "हणमंता, गरज हाय असं ठरलं बघ. डॉक्टरला तारीख विचार. पैशाची काळजी मंडळाची." पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "लई उपकार झाले अप्पा," तो म्हणाला, आणि मग लांबून, आईला, ओरडून, "आये, झालं गं! मंजूर झालं!" विठाबाई देवाचं नाव घेत होती. एक भांडं ठेवल्याचा आवाज आला. आपटल्याचा नव्हता, ठेवल्याचा. मग कुणीतरी फोन हातात घेतला. "ताई हायत का तितं?" अप्पांनी हसत फोन माझ्याकडे दिला. "तुझे आभार मानायचे असतील."

फाटक वर जात होतं. मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला. मी फोन कानाला घट्ट धरला.

"ताई, तुमीच म्हणलाव व्हय?"

"हो."

"बरं." तिचा श्वास ऐकू येत होता; त्यात राग नव्हता, रडं नव्हतं. कामाचं बोलावं तसं ती बोलत होती. "मग एक करा. त्या दिवशी तुमी या. पिशवी काढली की डॉक्टर बाहेर आणून दाखवत्यात, ट्रेमधी. माझ्या भणीची तिच्या नवऱ्याला दावली, तर त्यो बगितलाच न्हाय, मान फिरवली. हे बी बगणार न्हाईत, ह्यांना रगत बगवत न्हाय. आत्याबाई तर न्हाईच. तुमी फुडं हुबं ऱ्हावा. नीट बगा. आन् मी सुद्दीवर आले की मला सांगा, खराब हुती का चांगली हुती."

मला वाटलं ती अजून काही बोलेल. ती वाट बघत होती.

"येते," मी म्हणाले.

"इसरू नका," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

अप्पांनी गाडी चालू केली होती. रूळ ओलांडताना व्हॅन एकदा, मग पुन्हा एकदा हादरली. "काय म्हणली?" त्यांनी विचारलं.

"ऑपरेशनच्या दिवशी बोलावलंय."

"बघ की," अप्पा म्हणाले. त्यांच्या सुपारीनं जड झालेल्या आवाजात तो जुना मोकळेपणा परत आला होता. "एकदा भेटलीस, तर लगेच माया लावली तिनं."